दुःखाची अरुंद वाट

बस चुकली किंवा परीक्षेत दोन गुण कमी पडले, तर इंग्रजीत त्याला कुणी ‘अँग्विश’ म्हणत नाही. मूल हरवलंय, रात्र उलटत चाललीय, तेव्हा आईच्या जिवाची जी तगमग होते ती अँग्विश. न्यायालयांतही ‘मेंटल अँग्विश’ म्हणून या वेदनेची भरपाई मागता येते.

या शब्दाचं मूळ पाहिलं आणि मी थक्क झालो. लॅटिनमध्ये ‘अंगेरे’ म्हणजे आवळणं, ‘अंगुस्तुस’ म्हणजे अरुंद. त्यातून झालेला शब्द जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे अँग्विशच्या पोटात दुःख नाहीच, आहे ती चिंचोळी जागा! स्पॅनिशमध्ये ‘अंगोस्तो’ म्हणजे आजही अरुंद. जर्मन ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती, आणि ‘एंग’ म्हणजे पुन्हा अरुंदच. इंग्रजीतली ‘अँग्झायटी’ याच घरातली. ‘अँगर’सुद्धा, उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून तो आला तेव्हा त्याचा अर्थ राग नव्हता, दुःख होता.

1768 मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे विल्यम हेबर्डन यांनी छातीच्या एका दुखण्याचं वर्णन केलं. चालता चालता रोग्याची छाती आवळून येई, जीव घुसमटे. त्यांनी त्याला नाव दिलं ‘अंजायना पेक्टोरिस’. तेच आवळणं, आता थेट हृदयाशी.

आणि हे कुळ आपल्याही दारात उभं आहे. ऋग्वेदात ‘अंहु’ म्हणजे अरुंद आणि ‘अंहस्’ म्हणजे क्लेश, धातू तोच. त्यातून सोडव, असं ऋषी देवांना विनवतात आणि मागतात काय, तर ‘उरु’, ऐसपैस मोकळी जागा.

याहून नवल पुढेच आहे. ‘संकट’ या शब्दाचं त्या धातूशी काही नातं नाही, तरी संस्कृतात त्याचाही अर्थ अरुंद, दाटीचा असाच. आपली ‘अडचण’ तर अजून दोन्ही अर्थ वागवते: पैशांची अडचण, आणि सामानाने भरलेली अडचणीची खोली. गळा दाटून येतो, मनाचा कोंडमारा होतो. नातं असो वा नसो, शब्द पोचतात त्याच बोळात; कारण दुःखात छाती खरोखरच आवळते, श्वास आखूड होतो.

म्हणूनच घरात कुणी गेलं की शेजारची म्हातारी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, ‘रडून घे गं, मोकळी हो.’