आधी डावा कान, मग उजवा

अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’ ही रेकॉर्ड पहिल्यांदा लावणाऱ्या बहुतेकांचा हात दोन-तीन मिनिटांतच ती बंद करायला जातो. आठ जण एकदम वाजवताहेत, चाल हाती लागत नाही, आणि हे सगळं सदतीस मिनिटं चालणार आहे. २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमधल्या ए अँड आर स्टुडिओत ते एका दमात वाजवलं गेलं. नंतर त्यात काही घातलं नाही, काही कापलं नाही. ‘डाउन बीट’ या अमेरिकन मासिकाने त्याची दोन परीक्षणं शेजारीशेजारी छापली. एकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही. दोघांनाही जॅझ चांगलं कळत होतं.

तारा न देणाऱ्याची अडचण समजून घेतली तर आपलं काम हलकं होतं. तोवरच्या जॅझमध्ये ओळखीच्या गाण्याच्या कॉर्ड्‌स, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, ठरलेल्या क्रमाने फिरत राहायचे आणि एकल वादक त्यांवरून आपली सुरावट रचायचा. पियानो त्या क्रमाची सतत आठवण करून द्यायचा. कोलमनने पियानोच काढून टाकला आणि तो क्रमही. अमेरिकन श्रोत्याच्या पायाखालची जमीन सरकली.

रागदारीवर वाढलेल्या कानाला मात्र ही जमीन कधी लागतच नव्हती. कॉर्ड्‌सशिवाय तासभर एकच सुरावट फुलवणं आपल्याला नवं नाही. आपण अडतो ते दुसरीकडे. इथे मागे षड्ज धरून बसलेलं कुणी नाही, परतून यायला सम नाही, आणि जुगलबंदीत असते तशी ‘आधी तू, मग मी’ ही शिस्तही नाही. तेव्हा धरायला काय आहे ते आधी शोधायचं.

सुरुवात ‘फ्री जॅझ’पासून करू नये. कोलमनचीच १९५९ची ‘लोन्ली वुमन’ घ्यावी. ती पाचेक मिनिटांची आहे. पहिल्या वेळी फक्त ड्रम्स ऐका: बिली हिगिन्सची झांज भरभर चालली आहे. दुसऱ्या वेळी चार्ली हेडनचा डबल बास ऐका: तो खालचा सूर धरून सावकाश, जड पावलांनी फिरतो. मग या दोघांवर कोलमनचा सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचं कॉर्नेट संथ, विलापासारखी धून घेऊन येतात, तेही ठेक्याला न बांधता. द्रुत आणि विलंबित एकाच वेळी चाललेत हे कानाला पटलं, की पुढचा निम्मा डोंगर चढून झाला.

आता ‘फ्री जॅझ’. फोनच्या स्पीकरवर ती ऐकण्यात अर्थ नाही. बास गायब होतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, डावं-उजवं एकत्र मिसळतं. रेकॉर्डची रचनाच मुळी दोन चौकड्यांची आहे. डाव्या बाजूला कोलमन, चेरी, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर हिगिन्स. उजव्या बाजूला बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बासवर हेडन आणि ड्रम्सवर एड ब्लॅकवेल. हेडफोन लावा आणि पाच मिनिटं फक्त डावा कान ऐका. मग उजवा. चौघांचं वादन अनोळखी असलं तरी पेलवतं. त्यानंतर दोन्ही कान उघडले, की मघाचा कल्लोळ दोन टोळ्यांच्या बोलण्यात विभागला जातो.

यात ठरलेलं काही नाही ही समजूत चुकीची आहे. सुरुवातीच्या धुमाळीनंतर फुंकवाद्यं एकत्र येऊन लांब सूर धरतात, आणि पुढे प्रत्येकाच्या पाळीआधी असा एखादा ठरवून बसवलेला तुकडा येतो. हेच मैलाचे दगड. पाळ्यांचा क्रम असा: डॉल्फी, हबर्ड, कोलमन, चेरी, मग बासवर हेडन आणि लाफारो, शेवटी ड्रम्सवर ब्लॅकवेल आणि हिगिन्स. कागदावर हा क्रम लिहून समोर ठेवायला लाजू नये.

डॉल्फीचं बास क्लॅरिनेट खर्जातून एकदम टिपेला उडी मारतं, मध्येच माणूस कुरकुरल्यासारखं करतं. (हाच माणूस त्याच दिवशी ‘फार क्राय’ नावाची स्वतःची अख्खी रेकॉर्डही वाजवून मोकळा झाला होता.) हबर्ड जुन्या वळणाचा, म्हणून नवख्याला सगळ्यात सोपा, त्याची वाक्यं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते चटकन कळतं. कोलमनची पाळी सर्वांत लांब, आणि माझ्या मते रेकॉर्डचा गाभा तीच. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा हा माणूस ब्लूज वाजवत मोठा झाला, आणि इथेही त्याचे सूर ब्लूजच्या अंगानेच वाकतात. अवघड म्हणून प्रसिद्ध असलेल्या या सदतीस मिनिटांत गुणगुणण्याजोगे तुकडे त्याच्याच पाळीत सर्वाधिक सापडतात.

एकल वादक वाजवत असताना बाकीचे गप्प नसतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. एखादा त्याचा तुकडा उचलतो, उलटवतो, दुसरा त्यावर लकेर टाकतो, आणि पाहता पाहता तिघेचौघे एकाच विषयावर येतात. एकदा मुद्दाम एकल वादकाकडे दुर्लक्ष करून फक्त हे मागचं बोलणं ऐकावं. बासच्या पाळीशी आलं की गर्दी ओसरते. दोन्ही बास तेव्हा एकत्रच चालू असतात: हेडन खाली, रुंद आणि स्थिर; लाफारो वरच्या सुरांत, चपळ. लाफारो त्यानंतर सहा-सात महिन्यांत मोटार अपघातात गेला, पंचविशीत.

एवढं करूनही आवडलं नाही तर रेकॉर्ड बाजूला ठेवावी. पण तिथून थेट सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनच्या १९६५च्या ‘असेन्शन’कडे उडी मारू नये, तिथे अकरा जण आहेत आणि आवाजाची भिंत कितीतरी जाड. त्याआधी डॉल्फीची १९६४ची ‘आउट टू लंच’ घ्यावी. पियानोच्या जागी व्हायब्राफोन असल्यामुळे तिच्यात वाद्यांमधली मोकळी जागा ऐकू येते.

आणि ज्याला ‘हे कुणीही वाजवेल’ असं अजूनही वाटतं त्याने ‘फर्स्ट टेक’ शोधावी. ‘फ्री जॅझ’च्याच दिवशी, त्याच आठ जणांनी आधी केलेला हा सतरा मिनिटांचा प्रयत्न. तो १९७१मध्ये ‘ट्विन्स’ या रेकॉर्डवर बाहेर आला. दोन्ही पाठोपाठ लावल्या, की बसवलेले तुकडे दोन्हीकडे ओळखू येतात आणि त्यांच्या मधलं सगळं वेगळं निघतं.