शेजारच्या घरचा नाताळ

आम्हा धानोरेकरांना नाताळ परका नाही. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात कितीतरी आदिवासी कुटुंबे ख्रिस्ती आहेत. जगभर मात्र या सणाची रीत वेगवेगळी. इजिप्त व इथिओपियात तो जुन्या कॅलेंडरप्रमाणे ७ जानेवारीला येतो. फिलिपाईन्समध्ये १६ डिसेंबरपासून ९ दिवस पहाटेची प्रार्थना होते. पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट राखून ठेवतात.

हजरत ईसा (अलै.) अल्लाहचे पैगंबर, ही आपली श्रद्धा. त्यांच्या जन्माची हकीकत कुरआनच्या सूरह मरियममध्ये आहे. अकीदा वेगळा, म्हणून सणही वेगळा. पण ईदला ज्या घरी आपण शीरखुर्मा पाठवतो, त्या घरी नाताळात खुशाली विचारायला संकोच कसला? शेजाऱ्याचा हक्क धर्म पाहून ठरत नाही.