आईला केंद्रात ठेवल्यानंतर घरच्यांचं काय?

‘आता तरी तुम्हाला जरा विश्रांती मिळेल,’ असं तोंडावर आणि ‘शेवटी वृद्धाश्रमात टाकलंच,’ असं पाठीमागे. डिमेन्शिया झालेल्या आईला किंवा नवऱ्याला निवासी केंद्रात ठेवणाऱ्यांच्या कानावर ही दोन्ही वाक्यं येतातच. दोन्ही चुकीची आहेत.

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यातले बहुतेक घरीच असतात. सांभाळणारी बहुधा बायको, मुलगी किंवा सून. रात्र रात्र जागणं, नजर चुकवून घराबाहेर निघून जाणं, ओळख न पटल्यामुळे अंगावर धावून येणं, कपड्यांत लघवी होणं हे सगळं काही वर्षं झेलल्यावर केंद्राचा विचार पुढे येतो. ‘टाकणं’ म्हणायला तो निर्णय इतका सहज होत नाही.

आणि विश्रांती? अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णाला केंद्रात ठेवल्यानंतर काळजी घेणाऱ्यांचं नैराश्य आणि चिंता कमी झालेली दिसली नाही. उलट चिंतेवरच्या गोळ्यांचा वापर वाढला. सर्वांत जड गेलं ते पती-पत्नींना. अंगावरचं काम कमी होतं, पण अपराधी वाटणं सुरू होतं. त्यातच एक विचित्र दुःख असतं: माणूस समोर आहे, पण आपला राहिलेला नाही. पॉलीन बॉस या अभ्यासिकेने त्याला ‘संदिग्ध वियोग’ अशा अर्थाचं नाव दिलं. या दुःखाला दहावा-तेरावा नसतो, त्यामुळे भेटायला कुणी येत नाही.

मदतीचा उपयोग होतो, हे न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मेरी मिटलमन यांच्या कामातून दिसलं. ४०६ पती-पत्नींवरच्या या प्रयोगात एकट्याशी आणि कुटुंबाशी मिळून सहा समुपदेशन बैठका, स्वमदत गट आणि हवं तेव्हा फोनवर सल्ला, एवढंच होतं. केंद्रात ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्ष पुढे गेली आणि ती आली तेव्हाही मनावरचा भार कमी राहिला. आपल्याकडे यातली कुटुंबाची बैठक मला सर्वांत गरजेची वाटते. परदेशातला भाऊ फोनवर ‘घरीच बाई ठेवायची ना!’ म्हणतो, तेव्हा चार वर्षं आईचे कपडे बदलणारी बहीण कोलमडते. निर्णयाआधी सगळ्यांनी डॉक्टरांसमोर एकत्र बसावं. खर्च कोण करणार, भेटायला कोण जाणार, हेही तिथेच ठरवावं.

पार्किन्सन्सच्या मित्रमंडळात काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. केंद्रात ठेवल्यावर शुभंकराचं काम संपत नाही, बदलतं. आईला कोणत्या नावाने हाक मारलेली कळते, चहात साखर किती, आंघोळीला कशाची भीती वाटते, कोणतं गाणं लावलं की शांत होते, हे एका कागदावर लिहून मावशींच्या हाती द्यावं. जुनी गोधडी, फोटो, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सोबत जाऊ द्यावा. ‘पहिले काही आठवडे येऊच नका’ असं केंद्राने सांगितलं तर कारण विचारावं. सरसकट नियम म्हणून ते मान्य करू नये.

भेट सकाळी, थोडा वेळ. संध्याकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते. ‘मला घरी ने’ म्हटल्यावर वाद घालू नये. ते घर कित्येकदा तिच्या लहानपणीचं असतं, म्हणून अंगणाबद्दल, विहिरीबद्दल विचारावं. निघताना लांबलचक निरोप नको. जेवणाचं ताट समोर येतं, ती वेळ निघायला बरी. डोक्याला तेल लावणं, नखं कापणं ही कामं भेटीत आपण करावीत. हाताला काम असलं की बोलणं सुचलं नाही तरी चालतं.

स्वतःच्या रक्तदाबाची, साखरेची राहून गेलेली तपासणी याच महिन्यात करून घ्यावी. दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही असं झालं तर डॉक्टरांकडे जावं. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येतं, मराठीतही.