चतकोर भाकरीचे जेवण

कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने दोन्ही गावांची राज्ये निराळी केली. रविवारच्या रश्शाची चव मात्र अलीकडे-पलीकडे एकच राहिली. अशा मुलखात घरच्या कर्त्या पुरुषाला डॉक्टर जेव्हा सांगतात, “रात्रीची भाकरी, भात नि गोड कमी करा, वजन उतरवा,” तेव्हा त्या घरातील चुलीवर केवढे संकट कोसळते, याची कल्पना वाचकभगिनींना सहज येईल. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी असेच घडले. यजमानांचे वजन ९२ किलो, आणि मधुमेह जुना.

बातमी कळताच जाऊबाई म्हणाल्या, “मग मटण तर बंदच म्हणायचं!” आपल्याकडे पथ्य निघाले की पहिला आळ मटणावर येतो. वास्तविक मटणात पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसतातच. शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिने मात्र मिळतात. उलट सत्तर-सत्तर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या दोन भाकऱ्या घेतल्या, तर सुमारे ९५ ग्रॅम पिष्ट पोटात जाते. वर भाताचा ढीग निराळा. साखर वाढविणारे ताटात कोण होते, हे आम्हाला तेव्हा प्रथमच उमगले.

तरी पहिला पंधरवडा फुकट गेला. कोबीची कोशिंबीर आणि पातळ सूप एवढ्यावर आम्ही त्यांची बोळवण केली, आणि रात्री अकरा वाजता चिवड्याच्या डब्याचे झाकण वाजू लागले! उपाशी माणसाचे पथ्य टिकत नाही. जेवण पोटभर हवे, चवीचे हवे आणि आपलेच हवे, एवढे ठरवून आम्ही पुन्हा अळणी पाण्याकडे वळलो.

नाव अळणी असले तरी मीठ त्यात असतेच. नसते ते तिखट. हाडांसकट अर्धा किलो मटणाला हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण चोळावे. दोन चमचे तेलात कांदा परतून त्यात मटण घालावे आणि झाकणावर पाणी ठेवून दहा मिनिटे मंद आचेवर राहू द्यावे. मग झाकणावरचे तेच गरम पाणी आणि आणखी पाच-सहा वाट्या आधण ओतून मटण मऊ होईतो शिजवावे. यातील एक वाटी, मिरपुडीची चिमूट टाकून, जेवणाच्या आरंभीच प्यायला द्यावी. निम्मी भूक तिथेच शांत होते. उरलेल्यातून पांढरा रस्सा करताना थोडे तीळ व खसखस वाटून लावावी आणि नारळाचे दूध शेवटी घालावे. त्यानंतर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो. तांबडा रस्सा दाट यावा म्हणून काही घरी डाळे वाटून लावतात. ते आम्ही सोडले. सुके खोबरे व तीळ यांवरच भागते.

भाकरीची जागा भाज्यांनी भरून काढावी लागते, आणि ती चिमूटभर नव्हे. सुक्या मटणात ताज्या मेथीच्या दोन जुड्या परताव्यात. रश्शात दोडक्याच्या फोडी किंवा मुळा छान मुरतो. सोबत वांग्याचे भरीत, दह्यात कालवलेली काकडी, कच्चा कांदा आणि खरडा. मटण रोज नव्हेच. एरव्ही कोंबडी, मासळी, अंडी असतात, आणि सोमवारी-गुरुवारी शेंगदाण्याच्या कुटातली भरली वांगी. चरबी मात्र काढूनच घ्यावी.

ही कल्पना काही नवी नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बिअर व बटाटे सोडून वजन उतरविल्याची हकिगत १८६३ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापली होती. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचविला. पण त्यांचा मुख्य भर दिवसातून दोनच वेळा जेवण्यावर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख सांगितली. तेव्हा ही चिंता एकट्या आमच्या घरची खासच नाही.

आता आमची चूक सांगतो. भाकरी कमी केली. गोळ्या मात्र पूर्वीच्याच चालू ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री यजमानांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, शब्द अडखळू लागले. यंत्रावर साखर पाहिली, ५८! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी त्यांना हुशारी आली, पण ती पंधरा मिनिटे आम्ही विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी निम्मी केली आणि आधी न विचारल्याबद्दल आमची चांगलीच कानउघाडणी केली. जे इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी भाकरीला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मांसाचे प्रमाणही त्यांनीच ठरवायचे.

वर्षभरात वजन ८३ वर आले. आता पाहुण्यांच्या घरी आग्रह झाला की यजमान ताटावर हात आडवा धरतात आणि रश्शाची वाटी पुढे करतात. सासूबाईंना मात्र भाकरीवाचून ताट सुने दिसते. त्या अजून रोज ताटाच्या कडेला एक चतकोर ठेवतात, आणि तेवढी ते मुकाट्याने खातात.