उघडी कढई

जामनेर हे कांग नदीकाठचं, जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुलूख कापसाचा, बोली तावडी. एखाद्या गावाचा परिचय करून द्यायचा तर देऊळ, नदी, बाजारपेठ आणि मोठी माणसं यांच्यापासून सुरुवात करायची रीत आहे. पण बाजारगाव सकाळी नेमकं कशावर उभं राहतं हे समजून घ्यायचं असेल, तर बसस्थानकाच्या आणि बाजाराच्या आसपासच्या नाष्ट्याच्या हॉटेलांकडे बघायला हवं. खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी पहाटेच भट्टी पेटते. मग परातीत पोह्यांचा ढीग, त्यावर शेव, शेजारी रश्श्याचं पातेलं, कढईत आलूवडे, समोसे, कचोऱ्या, मूगभजे, आणि कुठे कुठे तईतली जिलेबी. घरात मात्र याच खाण्याला 'बाहेरचं' म्हणून नाक मुरडलं जातं, आणि जिभेचे चोचले एवढ्यावर त्याची बोळवण होते. माझं म्हणणं असं, की हा चोचला नाही. बाजारगावाचं कामकाज चालवणारी ही एक सार्वजनिक संस्था आहे, आणि तिची पत ना पाटीवर आहे ना परवान्यावर. ती रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या उघड्या कढईवर आहे.

खानदेशी घराला नाष्टा हा प्रकार मुळात ठाऊक नव्हता. होती ती न्याहारी. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा फडक्यात बांधून शेतात न्यायचा आणि दोन तास राबून झाल्यावर झाडाखाली बसून खायचा. ती भूक शेताच्या घड्याळाची होती. नाष्टा आला तो दुसऱ्या घड्याळाबरोबर. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंद रेल्वे १९१९ पर्यंत पूर्ण झाली आणि शेंदुर्णी, पहूर, जामनेर ही बाजाराची गावं वेळापत्रकाने जोडली गेली. १९४८ साली एसटी सुरू झाली आणि पुढे ती खेडोपाडी पोचली. तहसील, न्यायालय, बाजार समिती, बँक, कॉलेज, सगळं तालुक्याला. पहिली गाडी पकडणारा माणूस घरची चूल पेटायच्या आधी निघतो, आठाच्या सुमाराला गावात उतरतो, आणि कचेरी उघडते पावणेदहाला. मधल्या वेळात त्याला बसायला बाक हवा, पोटाला ऊन काहीतरी हवं आणि कागद कुणाकडे द्यायचा याची चौकशीही करायची असते. हे तिन्ही एका जागी मिळतं ते हॉटेलात. जगात इतरत्रही असंच घडलं आहे. अमेरिकेतल्या 'डायनर'ची सुरुवात १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाच्या घोडागाडीतून झाली असं मानतात. गिऱ्हाईक होतं वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रपाळी करणारं. इंग्लंडात अंडी, सॉसेज आणि भाजलेल्या पावाचा भरभक्कम नाष्टा देणारी साधी कॅफे कामगारांच्या आधाराने वाढली. आपल्याकडे शेगावची कचोरी १९५० पासून रेल्वे स्टेशनावर नावारूपाला आली. ज्याची वेळ घरच्या चुलीच्या वेळेशी जुळत नाही, त्याच्यासाठी रस्त्यावर चूल मांडावी लागते. गाडीची टपरी होते, टपरीचं हॉटेल होतं. जामनेरच काय, कुठल्याही बाजारगावाची कथा हीच.

या संस्थेचा कणा म्हणजे भट्टीवर बसणारा कारागीर. गल्ल्यावर मालक बसतो, नाव मालकाचं होतं, पण गिऱ्हाईक टिकतं ते कारागिराच्या मनगटावर. बाहेरून सगळं एकच तळण दिसत असलं, तरी त्याला एकाच भट्टीवर तीन वेगवेगळ्या आचा सांभाळायच्या असतात. कचोरीला आच मंद लागते. मैद्यात चोळलेलं मोहन पिठाचा चिवटपणा मोडतं आणि मंद तेलात वीस-पंचवीस मिनिटं पोहत राहिल्यावर कचोरीचं आवरण खुसखुशीत होतं. घाई केली तर वरून लाल आणि आतून कच्ची. भज्यांचं गणित उलटं. तेल साधारण १७० ते १८० अंशांवर असलं की पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते, आणि वाफ बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरता येत नाही. कढईतले बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ते मंदावले की भजं झालं. तेल थंड असेल तर वाफेला जोर नसतो, आणि भजं तेल पितं. जिलेबीचं तंत्र आणखी निराळं: आदल्या दिवशी आंबवलेलं पीठ, पसरट तई, आणि शेजारी कोमट पाक, जो दाट झाला तर आत मुरत नाही आणि पातळ राहिला तर जिलेबी मऊ पडते. हे सगळं हा माणूस थर्मामीटरशिवाय करतो. पिठाचा एक थेंब तेलात टाकायचा आणि तो किती वेळात वर येतो ते बघायचं, एवढंच त्याचं मोजमाप.

त्याची खरी परीक्षा मात्र तळण बाहेर काढताना होते. तळणीतलं बरंचसं तेल पदार्थ कढईत असताना आत जातच नाही. तो बाहेर आला, निवायला लागला आणि आतली वाफ विरली, की पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर घेतलेला घाणा कढईच्या काठाशी धरून चांगला निथळणं हा वेळकाढूपणा नसतो. हलकं भजं आणि तेलकट भजं यांतला फरक त्या काही क्षणांत ठरतो. गर्दी वाढली की आधी हेच निथळणं सुटतं. चांगला कारागीर गर्दीतही ते सोडत नाही, आणि गिऱ्हाईक हे बघू शकतं. मोठ्या शहरातल्या वातानुकूलित हॉटेलात स्वयंपाकघर भिंतीआड असतं. तिथे विश्वास पाटीवर ठेवावा लागतो. इथे तेलाचा रंग, पिठाची परात, कारागिराचे हात, सगळं चार पावलांवर. घाणा उतरताच संपतो, म्हणून शिळं उरत नाही. आणि गिऱ्हाईक रोजचं असल्यामुळे आज बिघडलं तर उद्या बाक रिकामा. ही तपासणी कुठल्याही खात्याच्या वर्षाकाठी होणाऱ्या तपासणीपेक्षा कडक आहे, कारण ती रोज होते आणि शेकडो डोळे ती करतात.

यावर पहिला आक्षेप आरोग्याचा, आणि तो खरा आहे. रोज सकाळी तळलेलं खाणं कुणालाही परवडणारं नाही. पण प्रश्न तुलनेचा आहे. पहाटे निघालेल्या मजुरापुढे घरच्या गरम भाकरीचा पर्याय असतोच असं नाही. बहुतेकदा पर्याय असतो नुसता चहा किंवा बिस्किटाचा पुडा. त्यापुढे हरभऱ्याच्या पिठाचं, मुगाच्या डाळीचं ताजं भजं आणि प्लेटभर पोहे कमी प्रतीचे नाहीत. पोहे तर फारसं तेलही मागत नाहीत. तेव्हा नाष्टा बंद करा हा सल्ला व्यर्थ आहे. हॉटेलांनी पोहे, उसळ, मुगाचे पदार्थ वाढवावेत हा सल्ला योग्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि उघड्या कढईच्या बाजूने केलेला माझा युक्तिवाद तिथे तोकडा पडतो. डोळ्यांना सगळं दिसत नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की पदार्थातलं पाणी आणि हवेतला प्राणवायू त्याचं विघटन करतात. तेल दाट होतं, फेसाळतं, लवकर धुरावतं. असे बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. काळं पडलेलं तेल डोळ्यांना कळतं, पण उरलेल्या तेलात रोज ताजं तेल ओतलं की रंग उजळतो आणि दोष झाकला जातो. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजनाही प्राधिकरणाने २०१८ मध्येच आणली. मात्र तेलाची नोंद ठेवण्याचं बंधन आहे ते तळणासाठी दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांवर. बाजारगावातल्या लहान हॉटेलाचा खप त्याच्या कितीतरी आत राहतो. म्हणजे नोंदीचा नियम मोठ्यांना बांधतो आणि देशातली बहुसंख्य कढया त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

त्यात भावाची कात्री. खाद्यतेलाच्या बाबतीत देश मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं, मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं. सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला शुल्काचा आधार हवा, आणि तो शेतकरी याच बाकावर नाष्टा करतो. त्यामुळे शुल्काला सरसकट दोष देता येणार नाही. पण प्लेटमागे दोन रुपये वाढवले तर गिऱ्हाईक तुटेल या भीतीने मालक भाव वाढवत नाही, तेल जास्त दिवस चालवतो. बेसनाचंही तेच. डिसेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२५ या काळात पिवळा वाटाणा बिनशुल्क येत होता, आणि हरभऱ्याच्या पिठात त्याचं पीठ मिसळण्याचा मोह स्वस्ताईने वाढवला. गिऱ्हाईक स्वस्त मागतं आणि शुद्धही मागतं. दोन्ही एकत्र मिळत नाही, ही गोष्ट कुणीतरी मोकळेपणाने बोलायला हवी.

तिसरी अडचण माणसांची. भट्टीपुढची धग, पहाटे उठणं, सणावाराला सुटी नाही, आणि हातातल्या कसबाचं कुठलं प्रमाणपत्रही नाही. मुलाने हेच करावं असं कारागिराला वाटत नाही, यात त्याचं चुकत नाही. चौथी अडचण जुनी आहे, पण ती अडचण म्हणून मोजलीच गेली नाही: या बाकांवर बाई क्वचित दिसते. तहसीलला दाखल्यासाठी आलेली बाई नाष्टा पुडीत बांधून घेते आणि बसस्थानकाच्या कोपऱ्यात उभ्याने खाते. सार्वजनिक म्हणवणाऱ्या संस्थेत अर्ध्या लोकांना बसायला जागा नसेल, तर ती संस्था अपुरी आहे. आणि पाचोरा-जामनेर गाडी तर २०२० पासून थांबली आहे; रुंदीकरण होऊन ती बोदवडपर्यंत जाईल तेव्हा सकाळची गर्दी नव्याने उतरेल, आणि त्या गर्दीपुढे बंद पाकिटातला माल घेऊन मोठ्या कंपन्याही उभ्या राहतील.

त्या दिवसासाठी तयारी आत्ताच हवी. नगरपालिका आणि अन्न खात्याने दंडाच्या पावतीपुस्तकाबरोबर तेल तपासण्याचं हातातलं यंत्र घेऊन दर महिन्याला बाजारात यावं, आकडा कढईशेजारच्या फळीवर खडूने लिहावा, आणि लहान हॉटेलांचं वापरलेलं तेल एकत्र गोळा करून विकण्याची सोय करावी, म्हणजे जुनं तेल टाकून देणं मालकाला जड जाणार नाही. व्यापारी संघटनेने वर्तमानपत्राच्या कागदावर भजे देणं बंद करावं. छपाईची शाई अन्नात उतरते आणि नियमानेही ते मना आहे. उरलेलं काम तुमचं-आमचं. बाकावर बसण्याआधी कढईत डोकवा. तेल कधी बदललं ते विचारा. उत्तर चांगलं मिळालं, तर प्लेटमागे दोन रुपये जास्त द्या.