साम्यवादी शासनपद्धतीच्या उणिवा : खरी माहिती वरपर्यंत का पोहोचत नाही?



शीतयुद्ध किंवा सोव्हिएत संघाचं विघटन हा भाग आला की मुलं हमखास विचारतात, "सगळ्यांना सारखं मिळावं हा विचार तर चांगलाच आहे. मग ते राज्य मोडलं का?" 'तिथे हुकूमशाही होती' एवढ्या एका ओळीने मुलांचं समाधान होत नाही. म्हणून या लेखात आपण एकच मुद्दा नीट समजून घेऊ.

साम्यवाद म्हणजे थोडक्यात काय?

कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४८ मध्ये कम्युनिस्ट जाहीरनामा लिहिला. जमीन, कारखाने, खाणी ही उत्पादनाची साधने मूठभरांच्या हाती न राहता सर्व समाजाची असावीत, असा त्यातला विचार. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, १९२२ मध्ये सोव्हिएत संघ स्थापन झाला आणि १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली.

या राजवटींनी काहीच केलं नाही असं मुलांना सांगू नये. सोव्हिएत संघाने निरक्षरता झपाट्याने कमी केली. १९६१ मध्ये युरी गागारिन अंतराळात गेला. त्याच वर्षी आपले अण्णाभाऊ साठे रशियाला गेले होते.

दुसरी गोष्ट, साम्यवादी विचार आणि एकपक्षीय साम्यवादी शासन यात फरक करायला हवा. केरळमध्ये १९५७ साली नंबुद्रीपाद यांचं साम्यवादी सरकार निवडणुकीतून आलं. तिथे विरोधी पक्ष होते, वर्तमानपत्रं होती, न्यायालयं होती. आपण इथे बोलतोय ते जिथे हे काहीच नव्हतं त्या राज्यांबद्दल.

१) मतपत्रिकेवर एकच नाव

सोव्हिएत संघात निवडणुका होत. पण अनेक दशके प्रत्येक जागेसाठी एकच उमेदवार असे आणि तो पक्षाने मान्य केलेला असे. म्हणजे लोक नाराज आहेत हे मतपेटीतून कळायचा रस्ताच बंद. वर्तमानपत्रं सरकारची, संघटनाही पक्षाच्या. मग वरच्यांना खरी परिस्थिती सांगणार कोण?

२) आकडा पूर्ण, काम अपूर्ण

कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे मॉस्कोतील 'गॉसप्लान' ही नियोजन संस्था ठरवत असे. पहिली पंचवार्षिक योजना १९२८ मध्ये सुरू झाली. दुकानात गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा वरून आलेलं उद्दिष्ट महत्त्वाचं. उद्दिष्ट वजनात असेल तर वस्तू जड करायच्या, की झालं काम! झुंबरं विनाकारण जड बनवली जातात, अशी तक्रार खुद्द सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी केली होती. कागदावर उत्पादन वाढत होतं, पण लोक रोजच्या वस्तूंसाठी रांगेत उभे होते.

३) खोटे आकडे आणि दुष्काळ

झुंबराच्या गोष्टीवर मुलं हसतील. पण हीच सवय धान्याच्या बाबतीत लागली की माणसं मरतात. चीनमध्ये १९५८ साली माओंनी 'मोठी झेप' ही मोहीम सुरू केली. शेती सामुदायिक झाली. वरिष्ठांना खूश करण्यासाठी आणि भीतीपोटी स्थानिक अधिकाऱ्यांनी पीक फुगवून कळवलं. सरकारने त्या फुगवलेल्या आकड्यांवर धान्य वसूल केलं आणि गावात खायलाच उरलं नाही. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना पत्र लिहून मोहिमेतल्या चुका दाखवल्या, तर त्यांनाच पदावरून काढलं. मग पुढे बोलायची हिंमत कोण करणार? दुष्काळ १९६१ पर्यंत चालला. वेगवेगळ्या अभ्यासकांच्या अंदाजाने दीड कोटी ते साडेचार कोटी माणसं दगावली.

सोव्हिएत संघातही सामुदायिक शेतीच्या सक्तीनंतर १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान आणि इतर भागांत लाखो लोक उपासमारीने मेले. १९३७ च्या जनगणनेत लोकसंख्या अपेक्षेपेक्षा कमी भरली. तेव्हा सरकारने ते आकडेच दाबून टाकले आणि जनगणना करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक केली.

४) चेर्नोबिल

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. शेजारचं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं. तोवर तिथली मुलं बाहेर खेळत होती. २८ एप्रिलला दूरवरच्या स्वीडनमधील यंत्रांनी किरणोत्सर्ग पकडला, तेव्हा कुठे संध्याकाळी सोव्हिएत सरकारने छोटीशी घोषणा केली. तरीही १ मे रोजी कीव्हमध्ये नेहमीप्रमाणे मिरवणूक निघालीच.

मग लोकशाहीत चुका होत नाहीत का?

होतात, भरपूर होतात. फरक एवढाच की त्या फार काळ झाकून ठेवणं अवघड जातं. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हेच दाखवलं, की जिथे निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं आहेत तिथे दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी जात नाहीत. आपल्याकडचा १९७२ चा दुष्काळ आठवा. आजी-आजोबा अजून सुकडी आणि मिलो ज्वारीच्या आठवणी सांगतात. हाल फार झाले. पण वर्तमानपत्रं लिहीत होती, मोर्चे निघत होते, विरोधक सरकारला धारेवर धरत होते. सरकारला कामं काढावीच लागली, लाखो हातांना काम मिळालं. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

वर्गात हे कसं घ्यावं?

मुलांना एक प्रसंग द्या. गावात पीक आलेलं नाही, पण वरून विचारणा आली आहे, 'किती पोती झाली?' खरं सांगितलं तर शिक्षा आहे, खोटं सांगितलं तर शाबासकी. तुम्ही काय कळवाल? आणि त्या गावाचं पुढे काय होईल? मुलं स्वतःच उत्तरापर्यंत येतात. पालकांनीही घरी हा प्रश्न विचारून पाहावा. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये संपला हे साल मुलं पाठ करतीलच. पण वाईट बातमी सांगणाऱ्याला शिक्षा करणारी सत्ता स्वतःच आंधळी होते, हे त्यांना या खेळातून जास्त चांगलं समजेल.