बाळंतिणीच्या उशाशी फोन

१९८१ साली आमच्या घरी पाळणा हलला, तेव्हा पुण्याहून आईचं निळं एरोग्रॅम यायला बारा-पंधरा दिवस लागत. डिंकाच्या लाडवांची कृती हाती पडली, तोवर मुलगा सव्वा महिन्याचा झाला होता! फोन महाग, शंका मनातच राहायच्या.

गेल्या वर्षी त्याच मुलाकडे, म्हणजे आमच्या सूनबाईचं बाळंतपण झालं. सांगलीहून विहीणबाई आल्या. अळीव, डिंक, बाळंतशेपा, सगळी जय्यत तयारी! सूनबाईच्या उशाशी मात्र ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र होतं. शेवटच्या आठवड्यात तिचं प्रेशर जरा वाढलं होतं, म्हणून मिडवाइफनं ते घरी दिलं होतं. मिडवाइफ म्हणजे आपली सुईणच; पण इथली सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ नर्सिंगनंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेली असते. दिवसातून दोनदा फोनवर निरोप यायचा, ‘आकडे कळवा’. आम्हांला गंमत वाटायची.

पाचव्या दिवशी गंमत संपली. सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. “जागरणानं होतं गं, जरा पड,” असं आम्हीच म्हणालो. तेवढ्यात निरोप आला. तिनं आकडे धाडले: १६४ आणि ११०. काही मिनिटांत मिडवाइफचा फोन, ‘ताबडतोब निघा’. इस्पितळात औषधं सुरू झाली आणि दोन दिवसांनी ती सुखरूप घरी आली.

बाळ झालं की धोका टळला, असं आम्ही समजत होतो. पण प्रीएक्लॅम्प्शिया बाळंतपणानंतरही, काही वेळा सहा आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. वेळीच उपचार झाले नाहीत, तर झटके येण्याची, पक्षाघाताची भीती असते.

फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ही पद्धत पारखून पाहिली. ब्लडप्रेशर वाढलेल्या २०६ बाळंतिणींपैकी निम्म्यांना तपासणीला बोलावलं. निम्म्यांनी घरी मोजून फोनवर कळवायचं. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या दहा दिवसांत तपासणीला बोलावलेल्यांपैकी फक्त ४४ टक्के जणींचं प्रेशर नोंदलं गेलं. फोनवाल्यांपैकी ९२ टक्के जणींचं. उघडच आहे, ओली बाळंतीण तान्ह्याला घेऊन बाहेर पडणार कशी?

आपल्या मुंबईतही डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेल्या ‘अरमान’ संस्थेनं ‘एममित्र’मधून गरोदर बायकांना मराठी-हिंदीत फोनवर सल्ला पोचवला. पण आमची सून वाचली ती नुसत्या यंत्रानं नव्हे. तिनं धाडलेला आकडा पलीकडे कुणीतरी लगेच वाचला, म्हणून.

तेव्हा भारतातून बाळंतपणाला येणाऱ्या आज्यांना आणि आमच्यासारख्या इथल्या आजी-आजोबांना एकच विनंती. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, धाप लागते, बरगड्यांखाली दुखतं असं ती म्हणाली, तर “चालायचंच” म्हणू नका. आधी फोन करायला लावा. लाडू कुठं पळून जात नाहीत!